कॉर्सिकन माणसाच्या रक्तातच टोळी असते, या दाव्याला उत्तर

भूमध्य समुद्रातल्या, फ्रान्सचा भाग असलेल्या कॉर्सिका बेटाविषयी एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत सतत फिरत असतो. शब्द बदलतात, सांगणं तेच राहतं. कॉर्सिकन लोक शेकडो वर्षं कुळाकुळांनी राहिले. सूड हा त्यांचा धर्म. त्या कुळांतूनच ‘युनियन कॉर्स’ नावाची गुप्त संघटना निघाली आणि तिने जगभर हेरॉइन पोचवलं. स्वातंत्र्याची भाषा बोलणारे तिथले राष्ट्रवादी म्हणजे त्याच टोळ्यांचा मुखवटा. आणि लोक तोंड उघडत नाहीत, कारण गप्प राहणं हीच त्यांची संस्कृती. शेवटी निष्कर्ष ठरलेला: ती माणसंच तशी आहेत, यात कधी बदल होणार नाही.

यातला एकेक भाग वेगळा काढून तपासायला हवा, कारण काही भाग अर्धे खरे आहेत आणि त्यांच्याच आधारावर बाकीचं खपून जातं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कॉर्सिकात संघटित गुन्हेगारी आहे आणि ती फार खोल गेलेली आहे. जेमतेम साडेतीन लाख वस्तीच्या या बेटावर लोकसंख्येच्या मानाने होणारे खून युरोपातल्या फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं सर्वांत जास्त राहिले आहेत. २०२२ मध्ये फ्रेंच पोलिसांच्या संघटित गुन्हेगारीविषयक विभागाने बेटावर २५ टोळ्यांची नोंद केली. ‘हे सगळं पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी रचलेलं आहे’ असं म्हणणारे कॉर्सिकातही भेटतात, पण त्यांची बाजू मला घेता येत नाही. माझा आक्षेप आहे तो या मजकुरात सांगितलेल्या कारणाला. ‘रक्त’ आणि ‘संस्कृती’ असं उत्तर एकदा दिलं की जमिनीतून कोणी पैसा केला, कोणत्या पुढाऱ्याने कोणाला सांभाळलं आणि इतके खटले का सुटले नाहीत, हे विचारायचं राहूनच जातं.

“सूड हा त्यांचा धर्म, आजचं टोळीयुद्ध हे त्याचंच नवं रूप”

सूडाची प्रथा होती आणि ती भयंकर होती. १८२१ ते १८५२ या काळात बेटावर सुमारे ४,३०० खून झाल्याचा आकडा दिला जातो, आणि तेव्हाची वस्ती आजच्याहून कमी होती. पण ही प्रथा कशावर पोसली गेली, ते हा मजकूर कधीच सांगत नाही.

फ्रान्सच्या आधी बेटावर इटलीतल्या जेनोआ प्रजासत्ताकाची सत्ता होती. ती किनाऱ्यावरच्या तटबंदीच्या शहरांत बसून चालायची. डोंगरातल्या शेतकऱ्याला न्याय हवा असेल तर न्यायाधीश परका, प्रवास लांबचा आणि निकाल पैशावर फिरणारा. याच जेनोआला बंदुकीचे परवाने विकून उत्पन्न मिळत होतं. अखेर कॉर्सिकन प्रतिनिधींनीच खुनांना आळा बसावा म्हणून शस्त्रबंदी मागितली आणि १७१५ मध्ये ती आली. मात्र परवान्यांचं बुडालेलं उत्पन्न भरून काढण्यासाठी जेनोआने घरटी नवा कर बसवला. थोड्या वर्षांपुरता म्हणून आलेला तो कर उठलाच नाही, आणि १७२९ च्या बंडाची ठिणगी त्याच्यावरूनच पडली. ज्यांच्या ‘रक्तात’ बंदूक होती असं सांगितलं जातं, त्यांनीच बंदुका काढून घ्या म्हणून अर्ज केला होता. याहून मोठं उत्तर मला सापडत नाही.

पुढे पास्क्वाले पाओली आला. १७५५ ते १७६९ या काळात बेटाचा बराचसा भाग त्याच्या स्वतंत्र सरकारच्या ताब्यात होता. त्याने राज्यघटना दिली, १७६५ मध्ये कोर्ते इथे विद्यापीठ काढलं आणि सुडापोटी खून करणाऱ्यांना विलक्षण कडक शिक्षा दिल्या. खुनी कितीही वजनदार घराण्यातला असो, त्याला फाशी व्हायची आणि त्याच्या घराच्या जागी कलंकाचा खांब उभा राहायचा. आपल्याच लोकांचं न्यायालय आपल्या गावापर्यंत येतं आणि शिक्षा खरोखर होते, एवढं दिसल्यावर सुडाचे खून कमी झाले. चौदा वर्षांत कोणाचं रक्त बदलत नाही. बदलला होता तो न्याय मिळण्याचा भरवसा. मे १७६९ मध्ये पोंते नोव्हूच्या लढाईत पाओलीचा पराभव झाला, बेट फ्रान्सकडे गेलं आणि डोंगरातल्या गावांना पुन्हा परकं न्यायालय मिळालं.

या प्रथेला तिचे नियम होते, हेही विसरलं जातं. वैराचं कारण सगळ्या गावाला ठाऊक असायचं. ‘तू सांभाळून राहा, मीही सांभाळून आहे’ असा उघड इशारा दिला जायचा. आणि वैर मिटवण्याची रीतही तितकीच जुनी होती. दोन्ही बाजूंना मान्य असलेले मध्यस्थ बसायचे, लेखी तह व्हायचा, अनेकदा चर्चमध्ये सगळ्या भावकीसमोर शपथ घेतली जायची. सार्तेन गावातलं गाजलेलं वैर १८३४ मध्ये अशाच तहाने थांबलं. डोंगरातल्या फरार गुन्हेगारांना पकडण्यासाठी १८२२ मध्ये जी खास पलटण उभी राहिली, तिच्यात भरती झालेले जवान कॉर्सिकनच होते. पण १८४० च्या सुमारास फ्रेंच लेखकांना हे बेट सापडलं. काळ्या पेहरावातली बहीण भावाला सूड घ्यायला लावते ही प्रतिमा पॅरिसमध्ये लोकप्रिय झाली, आणि मध्यस्थ, तह, शपथा हे सारं त्या चित्रातून बाहेर राहिलं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डोंगरातल्या फरारी दरोडेखोरांचं जे शेवटचं पर्व झालं, ते नीट पाहिलं की सुडाची जागा पैशाने कशी घेतली ते दिसतं. आंद्रे स्पादा हा त्यांतला सर्वांत गाजलेला. पॅरिसचे पत्रकार त्याच्या मुलाखती घ्यायला डोंगरात जात. हा माणूस जगत होता खंडणीवर, आणि बेटाची राजधानी अजाक्सियो इथून लोपिन्या गावाकडे जाणारी टपालगाडीची सेवा त्याने स्वतःच्या मुठीत घेतली होती. सरकारी ठेका धाकाने ताब्यात घ्यायचा, यात कुठल्या कुळाच्या इभ्रतीचा प्रश्न आला? सरकार जागं झालं १९३१ मध्ये, तेव्हा चिलखती गाड्यांसह शेकडो शिपाई पाठवले गेले. १९३५ मध्ये उत्तरेकडच्या बास्तिया शहरात स्पादाचा शिरच्छेद झाला.

आजच्या खुनांकडे या नजरेने बघा. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी ज्येष्ठ वकील आंत्वान सोलाकारो यांना अजाक्सियोतल्या पेट्रोल पंपावर मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्याने मारलं. महिन्याभराच्या आत, १४ नोव्हेंबरला, त्याच शहरात व्यापारी मंडळाचे अध्यक्ष जाक नासेर यांचा त्यांच्या दुकानात खून झाला. एक वकिली क्षेत्रातला मोठा माणूस, दुसरा बंदरं आणि विमानतळ चालवणाऱ्या संस्थेचा प्रमुख. यात आधी दिलेला इशारा नाही, मध्यस्थ नाहीत, तहाची शक्यता नाही. याला वेंडेटा, म्हणजे कुळाकुळांतला जुना सूड, म्हणणं म्हणजे मारेकऱ्यांना एक जुनी प्रतिष्ठा बहाल करणं आहे.

एक उदाहरण मात्र हटकून पुढे केलं जातं: जां-जेरोम कोलोना. हेरॉइनच्या जुन्या धंद्यातला हा माणूस पुढे दक्षिण कॉर्सिकात दबदबा ठेवून राहिला. १९९८ च्या संसदीय चौकशी अहवालाने बेटावरचा एकमेव खरा ‘गॉडफादर’ म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. आपल्या वडिलांच्या खुनाचा आपण बदला घेतला, असं त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं होतं. ते खरं मानू. पण त्याचा दबदबा त्या बदल्यावर उभा राहिला नाही, तो धंद्यावर आणि ओळखींवर उभा राहिला. बदल्याची गोष्ट त्याला शोभेची म्हणून उपयोगी पडली, आणि ऐकणाऱ्यांनी ती आवडीने पुढे सांगितली.

“कुळ म्हणजेच टोळी”

या दाव्याने सर्वांत जास्त गोंधळ केला आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कॉर्सिकातला माणूस राजकारणाबद्दल बोलताना ‘क्लान’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बंदूकधारी नसतात. त्याला म्हणायचं असतं वजनदार घराणं आणि त्याच्या भोवतीचं वशिल्याचं जाळं. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. एखादं घराणं पिढ्यानपिढ्या आमदारकी, खासदारकी, जिल्हा परिषद हातात ठेवतं आणि त्या बदल्यात गावागावांतल्या माणसांची कामं करतं. कॉर्सिकात एकोणिसाव्या शतकापासून अशी घराणी होती. फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या (१८७०-१९४०) काळात एमान्युएल आरेन नावाच्या पुढाऱ्याचं वजन एवढं होतं की लोक त्याला ‘राजा एमान्युएल’ म्हणत. विसाव्या शतकात उत्तरेकडे जाकोबी आणि दक्षिणेकडे रोका-सेरा ही नावं तशीच.

हे जाळं चाललं, कारण डोंगरातल्या माणसाकडे दुसरा मार्ग नव्हता. शेती तुटपुंजी, कारखाने नाहीत. पोराला कस्टममध्ये, टपालखात्यात, लष्करात किंवा वसाहतींच्या नोकरशाहीत चिकटवायचं, म्हातारीचं पेन्शन मंजूर करून घ्यायचं, तर घराण्याच्या दारात जावं लागे. मोबदला म्हणजे सगळ्या भावकीची मतं. मतं कमी पडली तर घोटाळे होत. पोस्टाने मतदान करण्याची सोय फ्रान्सने १९७५ मध्ये रद्द केली, तेव्हा ज्या प्रदेशांतल्या गैरप्रकारांमुळे ती बदनाम झाली होती त्यांत कॉर्सिका ठळक होतं. हे सगळं वाईटच होतं. लोकशाही पोखरणारं होतं. तरी यात आणि खंडणी-खुनाच्या टोळीत फरक आहे. घराण्याला माणूस जिवंत हवा असतो, कारण जिवंत माणूस मत देतो. त्याला सरकारी तिजोरीशी जोडून राहायचं असतं. टोळीला बाजार हवा असतो.

आता टोळ्यांची रचना पाहा. उत्तरेतली सर्वांत नामांकित टोळी ‘ब्रीज द मेर’. नाव पडलं बास्तियाच्या जुन्या बंदरावरच्या एका कॅफेवरून. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे तरुण एकत्र आले, दरोडे घालू लागले, मग जुगाराची यंत्रं, रात्रीचे क्लब, बार असा पैसा फिरवू लागले. त्यांत काही सख्खे भाऊ होते हे खरं, पण टोळी बांधली गेली दोस्तीवर आणि दरोड्यांच्या वाटणीवर. अजाक्सियोची ‘पेती बार’ टोळीसुद्धा एका बारवरून ओळखली जाते, आणि तिचा गाभा लहानपणापासून एकमेकांना ओळखणाऱ्या पोरांचा. दोन्ही टोळ्यांना नाव मिळालं ते उठण्या-बसण्याच्या ठिकाणावरून. ज्यांना पुराणकाळची कुळं म्हणून सांगितलं जातं, त्यांची वंशावळ अशी एका पिढीपुरती आहे.

आणि ‘ब्रीज द मेर’चा शेवट? एप्रिल २००८ मध्ये रिशार काझानोव्हा पोर्तो-वेक्योत मारला गेला. जानेवारी २००९ मध्ये फ्रान्सिस मारियानी एका गोदामातल्या स्फोटात मेला. त्याच वर्षी पिएर-मारी सांतुची आणि फ्रान्सिस ग्वाझेली यांचे खून झाले. तीस वर्षांचे साथीदार दीड-पावणेदोन वर्षांत संपले, त्यातही बरेचसे आपसातल्या वैरात, असं मानलं जातं. कुळाशी निष्ठा हा ज्यांचा धर्म म्हणून सांगतात, त्यांची ही गत.

काळाचा हिशेब तर या दाव्याला पुरता उलटा पाडतो. जुन्या घराण्यांची पकड ऐंशीच्या दशकापासून सैल होत गेली. डिसेंबर २०१५ मध्ये प्रादेशिक सत्ता राष्ट्रवाद्यांकडे गेली. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना ५६ टक्क्यांहून अधिक मतं पडली आणि घराण्यांचं राजकारण उघड हरलं. कुळसंस्कृती हे टोळ्यांचं मूळ असतं, तर कुळं कमजोर होताना टोळ्याही कमजोर व्हायला हव्या होत्या. झालं बरोबर विरुद्ध. याच वर्षांत पर्यटन वाढलं, किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव चढले, बेटावरच्या चारांतल्या एकाहून जास्त घरांना केवळ सुट्टीपुरतं उघडलं जाणारं दुसरं घर म्हणून दर्जा मिळाला. बांधकाम, रात्रीचे क्लब, किनाऱ्यावरची हॉटेलं, कचऱ्याची कंत्राटं, त्यात कोकेनचा पैसा. जिथे पैसा आला, तिथे टोळ्या आल्या.

“युनियन कॉर्स नावाची एक संघटना जगाचं हेरॉइन चालवत होती”

हे नाव गाजलं अमेरिकेत. १९७२ मध्ये, हेरॉइनविरोधी मोहीम ऐन जोरात असताना, तिथल्या एका बड्या साप्ताहिकाने ‘युनियन कॉर्स’चं वर्णन सिसिलियन माफियाहून गुप्त आणि घट्ट संघटना असं केलं. तेव्हापासून हे नाव छापून येतं आहे. पण अशी एक छत्रीसंघटना, तिचा प्रमुख, तिचं मंडळ, तिचे दीक्षाविधी यांचा पुरावा कुठल्याच खटल्यात उभा राहिला नाही. होत्या त्या दक्षिण फ्रान्सच्या मार्सेय या बंदरातल्या अनेक टोळ्या. कामापुरत्या एकत्र येणाऱ्या आणि काम संपल्यावर एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या.

त्यांत कॉर्सिकन मोठ्या संख्येने होते, यात वाद नाही. बेटावर पोट भरत नव्हतं म्हणून हजारो कुटुंबं मार्सेयला गेली होती. बहुतेक जण गोदीत, जहाजांवर, पोलिसांत, शाळांत कामाला लागले. काही गुन्हेगारीत गेले. पण नावं तपासा. तीसच्या दशकातली गाजलेली जोडी कार्बोन आणि स्पिरितो: पोल कार्बोन प्रोप्रियानोचा कॉर्सिकन, फ्रांस्वा स्पिरितो इटालियन वंशाचा. हेरॉइनच्या काळात पॅराग्वेत बसून अमेरिकेला माल पाठवणारा आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या हवाली केला गेलेला ओग्युस्त रिकोर मार्सेयचा. सत्तरच्या दशकातला मार्सेयचा दादा गाएतान झांपा नेपल्सच्या मुळाचा. त्याचा कट्टर वैरी फ्रान्सिस व्हानव्हेरबर्ग ‘बेल्जियन’ म्हणूनच ओळखला जाई. हेरॉइन तयार करणारा सर्वांत नावाजलेला रसायनी जो सेझारी कॉर्सिकन होता, आणि त्याच्या हाताखालून शिकलेला कारागीर कुठलाही असू शकत होता. अफू तुर्कस्तानची, बाजार अमेरिकेचा, प्रयोगशाळा मार्सेयच्या आसपासच्या बंगल्यांत. या सगळ्याला एका बेटाची जात चिकटवून दिली.

राजकीय आश्रयाकडे पाहिलं की चित्र आणखी बदलतं. कार्बोन आणि स्पिरितोला मार्सेयच्या नगरपालिकेत सिमों साबियानी या पुढाऱ्याचा हात होता. निवडणुकीत टोळीची माणसं, बदल्यात पालिकेतल्या नोकऱ्या आणि पोलिसांची मेहेरनजर. साबियानी जन्माने कॉर्सिकन होता आणि युद्धकाळात जर्मनांच्या बाजूला गेला. कार्बोनही गेला आणि डिसेंबर १९४३ मध्ये जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच प्रतिकार चळवळीने उडवलेल्या रेल्वेत मेला. युद्धानंतर मार्सेय हातात आलं कालेंझाना गावच्या गेरिनी बंधूंच्या. ते प्रतिकार चळवळीच्या बाजूचे होते, आणि समाजवादी पुढारी गास्तों देफेर यांच्या निवडणुकांत त्यांची साथ होती. देफेर कॉर्सिकन नव्हते. १९५३ पासून १९८६ पर्यंत ते मार्सेयचे महापौर राहिले, आणि मधल्या काळात देशाचे गृहमंत्रीही झाले. थोरला गेरिनी, आंत्वान, १९६७ मध्ये मारला गेला. धाकट्या बार्तेलेमीला १९७० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यावर मेहेरनजर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब कोणी मागितला नाही. ‘कॉर्सिकन माफिया’ म्हटलं की ती व्यवस्था सोयीने नजरेआड होते. या साऱ्या मजकुरातली सर्वांत घातक गोष्ट मला हीच वाटते.

“राष्ट्रवादी म्हणजे टोळ्यांचाच मुखवटा”

इथे थोडक्यात आटपतो. ५ मे १९७६ रोजी स्थापन झालेल्या एफएलएनसी (कॉर्सिकन राष्ट्रीय मुक्ती आघाडी) या सशस्त्र संघटनेने स्फोट घडवले, ‘क्रांतीचा कर’ म्हणून वसुली केली, तिच्यातले काही जण उघड गुन्हेगारीत गेले, आणि १९९५-९६ मध्ये तिच्या गटांनी एकमेकांचे बळी घेतले. त्या वसुलीला मी खंडणीच म्हणतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये अजाक्सियोत प्रीफेक्ट, म्हणजे पॅरिसने नेमलेले बेटावरचे सर्वोच्च अधिकारी, क्लोद एरिन्याक यांचा पाठीमागून गोळ्या घालून झालेला खून राष्ट्रवादी चळवळीतल्या माणसांनी केला. तरीही चळवळ आणि टोळ्या एकच, हे म्हणणं घटनांना धरून नाही. १९८३ मध्ये संघटनेचा एक कार्यकर्ता गुंडांच्या हातून मारला गेला, तेव्हा पुढच्या वर्षी अजाक्सियोच्या तुरुंगात घुसून संघटनेने संशयितांना ठार केलं. हे दोन वेगळ्या, एकमेकांवर उठलेल्या सत्तांचं भांडण आहे. आणि २०१४ मध्ये एफएलएनसीने शस्त्रं खाली ठेवण्याची घोषणा केली, तेव्हा टोळ्या काही ओस पडल्या नाहीत. दोन्ही एकच असते, तर टोळ्याही थांबल्या असत्या. टोळ्या आपल्या जागी जशाच्या तशा होत्या.

“लोक बोलत नाहीत, कारण गप्प राहणं त्यांच्या संस्कृतीत आहे”

हा दावा वाचला की मला खरोखर राग येतो.

जानेवारी १९९५ मध्ये, खुनांची मालिका चालू असताना, कॉर्सिकन स्त्रियांनी ‘जीवनासाठी जाहीरनामा’ काढला आणि नावानिशी सह्या केल्या. लहान बेटावर, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथे बंदुकीविरुद्ध नाव छापून देणं काय असतं याचा विचार करा. एरिन्याक यांच्या खुनानंतर ११ फेब्रुवारी १९९८ रोजी सुमारे ४०,००० माणसं रस्त्यावर उतरली. तेव्हा बेटाची वस्ती अडीच लाखांच्या थोडी वर होती. फ्रान्सच्या इतर कुठल्या प्रदेशात सहा-सात माणसांमागे एक माणूस खुनाविरुद्ध चालत गेला आहे?

मग साक्षीदार का मिळत नाहीत? कारण साक्ष देऊन काय होतं हे लोकांनी पाहिलेलं आहे. टोळीयुद्धातल्या खुनांचे तपास वर्षानुवर्षं पडून राहतात, अनेक खटले कधी उभेच राहत नाहीत. मारेकरी सुटून गावात परत येतो आणि साक्षीदाराला त्याच चौकातून भाजी आणायला जायचं असतं. टोळीतून फुटून बोलणाऱ्यांना संरक्षण देण्याची तरतूद फ्रान्सने २००४ च्या कायद्यात केली, पण ती प्रत्यक्षात आणणारा आदेश निघायला २०१४ उजाडलं. तेव्हाही ज्यांच्या स्वतःच्या हातून खून झाला आहे, त्यांना हा दर्जा मिळत नव्हता. टोळीच्या आतलं सर्वांत जास्त कोणाला ठाऊक असतं, तर नेमकं त्यांनाच.

राज्यावर विश्वास का नाही, याचं एक उत्तर १९९९ सालात आहे. एरिन्याक यांच्या जागी कायद्याचं राज्य आणण्यासाठी बेर्नार बोने यांना प्रीफेक्ट म्हणून पाठवलं होतं. १९-२० एप्रिलच्या रात्री अजाक्सियोच्या आखाताकाठचं एक बेकायदा किनारी हॉटेल जाळलं गेलं. जाळणारे निघाले जाँदार्म, म्हणजे खुद्द सरकारी शिपाई, आणि आदेश होता प्रीफेक्टचा. पुढे बोने यांना शिक्षा झाली. कायदा शिकवायला आलेला सर्वोच्च अधिकारीच रात्री आग लावतो, हे ज्या लोकांनी पाहिलं, त्यांनी मूग गिळून गप्प राहायचं ठरवलं तर त्यात संस्कृती कुठून आली?

१२ सप्टेंबर २०१९ रोजी सकाळी कार्जेझच्या किनाऱ्यावर मासिमू सुझिनी हा ३६ वर्षांचा राष्ट्रवादी कार्यकर्ता गोळ्या घालून मारला गेला. तो टोळ्यांच्या दादागिरीला उघड विरोध करत असे. सुडाच्या धर्माचा दावा खरा असता, तर त्याच्या घरच्यांनी काय केलं असतं ते सांगायला नको. त्याच्या जवळच्या नातलगांनी आणि मित्रांनी त्याच्या नावाने जाहीर संघटना काढली आणि मागणी केली ती कायद्याची. पाठोपाठ ‘माफिया नको, जीवन हवं’ अशी घोषणा हेच नाव म्हणून घेतलेली दुसरी संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत शिक्षक, लेखक, जुने राष्ट्रवादी कार्यकर्ते होते, आणि काही आठवड्यांत हजारो लोकांनी पाठिंब्याच्या सह्या केल्या.

त्यांच्या मागण्याही नेमक्या होत्या. इटलीने १९८२ मध्ये माफिया-पद्धतीची संघटना चालवणं हाच वेगळा गुन्हा ठरवला, तसा गुन्हा फ्रेंच कायद्यात आणा. टोळीची मालमत्ता जप्त करून लोकांच्या उपयोगाला द्या. फुटलेल्या साक्षीदाराला खरं संरक्षण द्या. सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांच्या (ज्यूरीच्या) जागी प्रशिक्षित न्यायाधीशांनी असे खटले चालवावेत, म्हणजे गावातल्या पंचावर दबाव येणार नाही. पॅरिसमध्ये याकडे बराच काळ कानाडोळा झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉर्सिकाच्या विधिमंडळाने माफियाच्या प्रश्नावर खास अधिवेशन घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोंते लेच्चा इथे एक तरुण विद्यार्थिनी मारली गेली. मारेकऱ्यांचं लक्ष्य ती नव्हती. नंतरच्या आठवड्यांत लोक पुन्हा रस्त्यावर आले. मार्चमध्ये शेतकरी संघटनेचे नेते पिएर आलेसांद्री यांना त्यांच्या घराजवळ मारलं गेलं.

१३ जून २०२५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये संघटित गुन्हेगारीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अभियोक्ता नेमायचं ठरलं. ज्यांच्या हातून खून झाले आहेत, त्यांनी टोळीविरुद्ध बोलायचं ठरवलं तर त्यांनाही संरक्षणाचा दर्जा मिळू शकेल, ही तरतूद त्याच कायद्यात आहे. कॉर्सिकातल्या संघटना २०१९ पासून हेच मागत होत्या.